बांचे बदाम

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज बा बोलले! मी दारात होते. ओठ हलताना दिसले, शब्द दादाने ऐकले.

सकाळपासून तय्यिबदादा त्यांच्या कानाशी कलमा म्हणत होता — नाही कोणी देव, अल्लाहशिवाय. हळूच म्हणायचं, थांबायचं. जाणाऱ्या माणसामागे तगादा लावायचा नसतो. माझ्या जिवात जीव नव्हता. ज्यांनी जन्मभर फेझ शहरातल्या पोरांना 'अल्लाह एकच' शिकवलं, तेच मुक्याने गेले असते तर? गल्लीने आम्हाला सोडलं नसतं.

"म्हणाले! म्हणाले!" दादा ओरडला. मग लगेच हुकूम — "आता कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. शेवटचा शब्द कलम्याचाच हवा. दुसरं काही बोलले की सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

मंगळवार, १० फेब्रुवारी

घर चिडीचूप. शेजारची लाल्ला कन्झा हरीरा सुपाचं पातेलं घेऊन आली. दारातच कुजबुजली, "म्हणाले ना? सुटलात गं बाई!"

कसलं सुटलो! बा जिवंत आहेत आणि मी त्यांना साधी हाक मारू शकत नाही. कापसाने ओठ ओले करते, एवढंच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

गच्ची आठवतेय आज सारखी. ऊन उतरलं की बा बदामांची वाटी घेऊन बसायचे.

"बतूल, अल्लाह कसा आहे?"

"आभाळाएवढा?"

"नाही." एक बदाम.

"उजेडासारखा?"

"नाही." आणखी एक.

"तुमच्यासारखा! दाढीवाला!"

"मुळीच नाही!" त्याला दोन मिळाले.

तेव्हा आई होती. खालून तिचा आवाज — "अहो, चुकल्याबद्दल बक्षीस? पोरगी वाया जाईल!"

"अगं, एकेक चूक गळून पडतेय तिची. मनात येईल तसा तो नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं."

दादा बिचारा हुशार. घडाघडा पाठ म्हणायचा — त्याच्यासारखं काहीच नाही, त्याला आदि नाही, अंत नाही. सगळं बरोबर! म्हणून त्याला कधी बदामच मिळायचा नाही. तळहात पुढे करून बसायचा, आणि मग हळूच मागे घ्यायचा. मला तेव्हा हसू यायचं.

एकदा मी रडले. हाही नाही, तोही नाही, मग मी धरू कशाला? त्या दिवशी बदाम नाही दिला त्यांनी. मांडीवर घेतलं. "तू नको धरूस," म्हणाले. "त्याने धरलंय तुला."

फार आठवण येते बांची. समोर असूनसुद्धा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

डोळे उघडलेत. माझ्याकडेच बघतात. मी ओठ दाताखाली धरून बसले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बा गेले.

दादा जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. मी एकटीच होते. आणि ते बोलले — स्पष्ट! "बतूल... कसा आहे?"

गप्प बसायला हवं होतं. नाहीतर कलमा तरी म्हणायला हवा होता. पण तोंडातून निघूनच गेलं — "तुमच्यासारखा, बा."

हसले. खरंच हसले. "नाही," म्हणाले. गोधडीवरून हात सरकत माझ्या तळहाताशी आला, बोटांत बदाम नसताना चिमूट सोडली, माझी मूठ मिटली. मग श्वासच आला नाही.

दादाला काही सांगितलेलं नाही. सांगू कसं? कलम्यावर 'नाही' सांडून गेले, माझ्यामुळे!

शनिवार, १४ फेब्रुवारी

दफन करून दादा आला तो थेट स्वयंपाकघरात. दार लोटलं. "बतूल, सोमवारी मला काहीच ऐकू आलं नव्हतं गं. नुसते ओठ हलले. लोकांच्या भीतीने मी म्हटलं... बा कलम्याशिवाय गेले!" ढसाढसा रडला.

मग मी सांगितलं, काल काय झालं ते. "'नाही' — कलम्याचा पहिलाच शब्द ना तो, दादा? पुढचं तिकडे जाऊन म्हणाले असतील."

जन्मात पहिल्यांदा दादाचं चुकलं होतं. मी बरणी उघडली आणि त्याच्या तळहातावर एक बदाम ठेवला.