वार्निशच्या खोलीतल्या बायका

३ नोव्हें., सोम.
मावसबहीण सुमन आली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्यांदाच बाहेर पडली. हेही मूल पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं. चहा समोर तसाच गार झाला.
गोकुळ रोडला विजेच्या मोटारींच्या कारखान्यात ती वार्निशच्या खोलीत असते. तारेची वेटोळी वार्निशात बुडवायची, भट्टीत सुकवायची. दिवसभर तो वास. म्हणाली, या खोलीतल्या बायकांचंच असं होतंय, जुळणीच्या हॉलमधल्यांचं नाही.
“अक्का, कॉलेजात तू हेच शिकवतेस न्हवं? मोजून सांग. तुझा कागद असला तर साहेबांना म्हणता येईल, दिवस गेलेल्या बाईला तिथनं हलवा म्हणून.”
हो म्हटलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही म्हणवलं नाही.

१० नोव्हें., सोम.
सु. बायकांना विचारून येते, नावं न घेता मला सांगते. चार चौकोन आखले. वार्निश, जुळणी. मूल राहिलं, गेलं.
तिला समजावलं. खोलीचा आणि मूल जाण्याचा काही संबंध नसता, तर प्रत्येक चौकोनात किती बायका आल्या असत्या ते आधी काढायचं. मग खऱ्या आकड्याशी ताडून बघायचं. फरक नुसत्या योगायोगात बसणारा असला तर गप्प बसायचं. फार मोठा असला तरच बोलायचं.
ती बोटानं ‘वार्निश, गेलं’ चा चौकोन चाचपत राहिली. “यात मी दोनदा काय?”
नाही म्हटलं. एक बाई एकदाच.
वर्गात वीसेक वर्षं हीच काय-स्क्वेअर चाचणी शिकवते आहे. चौकोनातलं कुणी समोर बसून असं विचारेल...

१६ नोव्हें., रवि.
बायका कमीच. त्या चौकोनात अपेक्षित आकडा पाचाच्या आत येतो, म्हणजे चाचणीवर भरवसा नाही. काम सोडून गेलेल्याही हव्यात. म्हणून आज दोघी अळणावरच्या बाजूला यल्लव्वाच्या गावी गेलो. ती आधी वार्निशच्या खोलीत सुमनच्या शेजारीच उभी असायची.
सासू उंबऱ्याशी बसलेली, म्हणून यल्लव्वा आम्हांला गोठ्यामागे घेऊन गेली. तिचंही गेलं होतं. घरात कुणालाच सांगितलं नाही, पोटदुखी म्हणून झोपून राहिली.
नाव कुठंच येणार नाही, नुसता एक आकडा, असं मी कन्नडात दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली. “आकडापण नको, अक्का. मला मोजू नका.”


१९ नोव्हें., बुध.
गणित झालं. यल्लव्वाला धरलं तर उत्तर ३.८४ च्या वर, म्हणजे योगायोगाच्या रेषेपलीकडे जातं. न धरता खाली राहतं. लहान आकड्यांसाठी जी दुसरी रीत आहे, तिनंही तेच.
एका बाईवर पारडं फिरतंय, म्हणजे मुळात आकडेच तोकडे. मुलांना हेच सांगते मी. आणि ज्या सांगत नाहीत त्या कुठल्याच चौकोनात येत नाहीत, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.
तिला नाही धरलं.
लिहिलं: “एवढ्या थोड्या माहितीवरून संबंध असल्याचं सिद्ध होत नाही. आणखी बायकांची माहिती घ्यावी. तोवर गर्भवतींना या खोलीत ठेवू नये.” तीन वाक्यं. चार वेळा खोडून लिहिली.

२५ नोव्हें., मंगळ.
साहेबांनी सुमनकडून कागद ठेवून घेतला. सौम्यपणे बोलले म्हणे, चहासुद्धा दिला.

१ डिसें., सोम.
वार्निशच्या खोलीबाहेर फळ्यावर कन्नडात कागद लागलाय. सुमननं फोटो काढून आणला. ‘तज्ज्ञांनी तपासले आहे. येथील कामाचा आणि गर्भपाताचा काही संबंध नाही.’ पुढची दोन वाक्यं नाहीत.
संबंध दिसला नाही आणि संबंध नाही, या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तिलाच सांगत बसले. तिनं ऐकून घेतलं.
“यल्लव्वाला धरलं असतं तर?”
खरं ते सांगितलं.
मोबाइल पर्समध्ये टाकून ती उठली. जेवायला थांब म्हटलं, थांबली नाही.

२२ डिसें., सोम.
साहेबांना दोनदा पत्र दिलं. उत्तर नाही. सु. फोन घेत नाही. आज तिच्या नवऱ्यानं घेतला, ती कामावर गेलीय म्हणाला. कुठल्या खोलीत ते विचारलं नाही. ठाऊकच होतं.
वर्गात आज हाच धडा होता. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण घेतलं, चष्मा आणि वाचनाची आवड. फळ्याकडे तोंड करूनच बराच वेळ शिकवलं.

१९ फेब्रु., गुरु.
धारवाडच्या कॉलेजातून केशवापूरला घरी परतले तर सुमन दारात उभी. अडीच महिन्यांनी. वाळलीय. आत आली, पाणी प्यायली, मग म्हणाली, दिवस गेलेत.
जुळणीत बदली मागून बघितली होती. साहेबांनी फळ्यावरच्या त्या कागदाकडे बोट केलं.
काम सोड म्हटलं. सोडून काय करू, घरात बसून रोज धास्ती घेत राहू काय, म्हणाली. मग मी उद्या येते, साहेबांशी समोरासमोर बोलते, म्हटलं.
“नको, अक्का. तू बोलून धारवाडला जाशील. मला तिथंच उभं राहायचंय.”
भात केला. थोडा खाल्ला तिनं. बसपर्यंत सोडायला गेले, हात धरू दिला.
उद्याची रजा टाकली आहे. साहेबांना काय सांगायचं ते कन्नडात जुळवून बघतेय. जाऊ की नको, ठरत नाही. तिची शिफ्ट आठला लागते.