फळीतला सूर

खाणवस्ती, करागांदाजवळ
११ मार्च १९८३

ती. झुपार आपायस,
धाकट्या दाउलेतचा सा. न. वि. वि.

तुझी भावजय कुन्सुलू तुझ्यावर रागावली आहे. माझ्या वेडाला थोरली बहीणच खतपाणी घालते, असं तिचं म्हणणं. झालं असं की बेस गिटारच्या तारा अगदी मेल्यासारख्या वाजायला लागल्या, म्हणून मी त्या सुपाच्या पातेल्यात उकळून काढल्या. उकळल्या की थोडे दिवस पुन्हा बोलतात. पातेलं घासलंही होतं. पण पहिला घोट घेऊन बाईसाहेबांनी विचारलं, की आजची मेंढी खाणीत चरत होती का! तेव्हा आपाय, अल्मा-आतात कुठे नव्या तारा दिसल्या तर बघ.

बाकी आमचा बँड शनिवारी क्लबात जमतो. भोजनालयातली तमारा गाते. ती म्हणते की मी वाजवतोय हे कधी कळतच नाही, थांबलो की मात्र पायाखालचं काहीतरी गेल्यासारखं होतं. ही शिवी की शाबासकी, म्हणून मी आर्नोला विचारलं. आर्नो म्हणजे आमचा जर्मन ड्रमवाला, माझ्या लग्नात चमच्यांनी पेले वाजवत होता तो. तो म्हणाला, नवरे बायकांबद्दल हेच म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. आपाय, त्याचा ठोका आणि माझा सूर एकाच क्षणी पडला ना, की दोघांनाही न बघता कळतं. दुसरं सुख मला सांगता येत नाही.

सूप पातळ झालं तरी चालेल, तुझा लोभ घट्टच असू दे.
तुझा दाउलेत

———

अल्मा-आता
३ एप्रिल १९८३

चि. दाउलेत यास अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे खाणीत स्फोट झाला, असं शाळेतल्या झाडूवाल्या मावशींकडून कळलं. त्यांचा भाचा तिकडून आला आहे. वर्तमानपत्रात एक अक्षर नाही. तार केली, उत्तर नाही. तारघरातून फोन मागितला, तुमच्या बाजूने फोनवर कोणी आलंच नाही. खिडकीतली बाई म्हणाली, बाई, सरका, मागे माणसं उभी आहेत.

मुलांना पियानोवर गाणं शिकवताना माझा डावा हात मधेच थांबतो. खालचे सूर त्याच्याकडे असतात ना. मुलं वळून बघतात.

तारा मिळाल्या आहेत. पण तुझी खबर कळेपर्यंत त्या टपालात टाकायचा मला धीर होत नाही. एक ओळ लिही. वाकड्यातिकड्या अक्षरात लिही, पण स्वतःच्या हाताने लिही.

वाट पाहणारी,
तुझी आपाय

———

खाणवस्ती
१० एप्रिल १९८३

ती. आपायस सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. त्या दिवशी माझी पाळी नव्हती. आर्नोची होती. मागाहून आम्ही सगळेच ढिगारा उपसायला खाली होतो, म्हणून लिहिणं राहिलं. तुझा जीव टांगणीला लावला, माफ कर.

आर्नो जिवंत सापडला. हातपाय शाबूत आहेत, कान गेले. डॉक्टर म्हणतात, आतली नसच मेली, ते काही परत येणार नाही. आता घरी आणला आहे. भिंतीकडे तोंड करून बसतो. ड्रमच्या काठ्या त्याने स्वतः शेगडीत घातल्या. त्याच्या बायकोने, एरिकाने, मला दारातच बजावलं, की येत जा, पण गाण्याबजावण्याचं नाव काढायचं नाही. मी पाटीवर लिहून त्याच्यापुढे धरतो. तो वाचत नाही.

क्लबात ड्रमवर चादर टाकली आहे. मी बेस गळ्यात अडकवतो आणि तसाच उतरवून ठेवतो. भीती वाटते गं. हा एक दिवस उठेल आणि चालत कुठेतरी निघून जाईल, हाक मारून थांबवताही येणार नाही.

लोभ असू दे, या दिवसांत जरा जास्तच.
दाउलेत

———

अल्मा-आता
२० एप्रिल १९८३

चि. दाउलेत यास आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्यासाठी रडले, मग आर्नोसाठी.

शेवटी शेवटी वडिलांना ऐकू येत नव्हतं, तेव्हा ते आपल्या दुतारी दोंब्राची दांडी दातांत धरून सूर जुळवायचे. तू हसायचास, आणि मार खायचास. दाउलेत, बेस कानाला कळायच्या आधी हाडांना कळतो. तुझा स्पीकरचा खोका त्याच्या घरी ने, लाकडी जमिनीवर पालथा ठेव आणि वाजव. विचारत बसू नकोस, विचारलंस तर दोघंही नाही म्हणतील.

तारा सोबत पाठवते आहे. कृपा करून त्या शिजवू नकोस.

तुझी आपाय

———

अल्मा-आता
२१ एप्रिल १९८३

चि. दाउलेत,

कालचं पत्र फाडून टाक. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील कानाचे डॉक्टर आहेत. त्यांना विचारलं. ते म्हणाले, माणूस अजून सावरलेला नाही, त्याच्यापुढे वाद्य नेणं म्हणजे पाय गेलेल्यापुढे नाचून दाखवणं. मी काल काय म्हणून एवढं शहाणपण शिकवलं! काही करू नकोस. नुसता त्याच्याजवळ बस.

घाईत,
आपाय

———

खाणवस्ती
५ मे १९८३

ती. आपायस सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं मिळाली. पण पहिलं आधी मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी मी उद्योग करून बसलो.

एरिका बाजारात गेल्याचं बघून मी आणि तमाराने खोका आत नेला. आर्नोने वळून पाहिलं नाही. मी सगळ्यात जाड तार छेडली. कपाटातल्या बश्या थरथरल्या. तो तसाच. मग आमच्या नेहमीच्या नाचाच्या गाण्याची चाल धरली, तसा तो ताडकन उठला, माझ्या अंगावरून दाराबाहेर गेला. जोडेसुद्धा घातले नाहीत. आम्ही त्याला वस्तीभर शोधत होतो. अखेर एका कोळशाच्या वाघिणीच्या आडोशाला सापडला, पाय चिखलाने भरलेले. एरिकाने खोका अंगणात ढकलला आणि म्हणाली, की तुझ्या दोस्तीला हात जोडले, आता पुन्हा उंबरा चढू नकोस.

तुला दोष देत नाही. हात माझेच होते. काय केलं मी, आपाय?

दाउलेत

———

खाणवस्ती
३० ऑगस्ट १९८३

ती. आपायस सा. न. वि. वि.

तुझ्या चौकशीच्या पत्रांना मी चार शब्दांत उत्तरं दिली, कारण सांगायचा धीर नव्हता. आज सगळं लिहितो.

जूनच्या अखेरीस आर्नो आपण होऊन क्लबात आला. मागे एरिका, चेहरा पडलेला. तो बूट-मोजे काढून रंगमंचावर चढला आणि ओरडून बोलला. आपला आवाज केवढा निघतो ते त्याला समजत नाही. म्हणाला, त्या दिवशी ते तळव्यांतून शिरलं आणि पोटापर्यंत गेलं, सहन झालं नाही म्हणून पळालो. आता वाजव. मी खोका फळ्यांवर पालथा घातला. नंतरचे दोन महिने आम्ही काय काय बिघडवलं ते विचारू नकोस. एरिका दाराशी बसून विणत असायची, आणि तो चुकला की तिचे टाके चुकायचे.

परवा खाण कामगारांचा सण. सगळी वस्ती क्लबात. पहिलं गाणं नीट पार पडलं. दुसरं, ते नाचाचं, तेही संपलं. संपलं, पण आर्नो थांबला नाही. लोक खुशीत पाय आपटत होते, फळ्या हलत होत्या, आणि तो हादरा त्याला माझाच सूर वाटला. मान खाली घालून तो वाजवत राहिला. हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. पाय थांबले. एवढ्या मोठ्या दालनात एकट्याचा ठोका. एरिका उठून उभी राहिली.

आपाय, माझी बोटं माझ्याआधी निघाली. मी सूर धरला. तमाराने पुन्हा पहिला शब्द उचलला, आणि लोक पुन्हा नाचायला लागले, जणू तसंच ठरलं होतं. आर्नोने वर बघितलं. त्याला काय कळलं, काय नाही, मी विचारलेलं नाही. कडवं सरत आलं तेव्हा मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो, मान हलवली, आणि दोघं एकदम थांबलो.

कुन्सुलूचा नमस्कार. तुझा जीव आमच्यात गुंतलेला आहे, तो तसाच गुंतलेला राहू दे.
तुझा दाउलेत