कर्नलमध्ये बिघाड

चंडीगड, सेक्टर ३८
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप दिगंबरमामा,

शिशिरचा चंडीगडहून वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकता येत नाही, पाठ धरली आहे. कारण पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? सकाळचं गणेश तलावापर्यंतचं चालणं चालू आहे ना? मामींचा खोकला गेला का? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला "हं, मामीशी बोल" म्हणता, आणि ही हकिगत दोन मिनिटांत मावणारी नाही.

मोहालीच्या कंपनीत मी नेमकं करतो काय, असं तुम्ही दर दिवाळीला विचारता, तर ऐका. आम्ही कमरेला बांधायची एक डबी बनवतो. माणूस किती चालला, कसा चालला, तोल कुठे गेला, हे ती आतल्या कार्डावर लिहून ठेवते. तिच्या पोटात जी मूळ प्रणाली असते तिला कर्नल म्हणतात, आणि तो कर्नल मी आणि अकोल्याचा रुपेश असे दोघं सांभाळतो. इथल्या एका वैद्यकीय संस्थेत वसुधा नावाची संशोधक आहे (साताऱ्याची, चहात साखर घालत नाही, पण माणूस चांगलं आहे). सत्तरी ओलांडलेल्या बारा धडधाकट लोकांच्या चालण्याचा ती अभ्यास करते. अकरा जणांचं व्यवस्थित झालं. बारावे मास्टर बलबीर सिंगजी, निवृत्त शिक्षक, चंडीमंदिरच्या छावणीत मेजर मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे. ते एकवीस दिवस डबी बांधून न चुकता चालले. डबीवरचा दिवाही एकवीस दिवस हिरवाच होता. वसुधाने कार्ड उघडलं, तर नोंदी दोन दिवसांच्या. बाकी सगळं कोरं. आणि तिला प्रबंध मार्चमध्ये द्यायचाय.

आमच्या मीटिंगमध्ये मी (आवाज जरा चढवूनच) सांगितलं की रुपेशने कर्नलमध्ये केलेल्या बदलांचा हा परिणाम. त्याने सहा महिन्यांचं काम काढून ठेवलं आणि जुना कर्नल घालून दिला. मी डबी बांधून चार दिवस सुखना तलावाला चकरा मारल्या. नोंदी चोख आल्या, आणि माझी मान ताठ झाली. मग सहज म्हणून रुपेशचाच कर्नल परत घालून चाललो, तर त्यातही चोख. म्हणजे बिघाड रुपेशमध्ये नव्हता, मास्टरजींमध्ये होता. मी लॅपटॉप घेऊन चंडीमंदिर गाठलं.

फाटकावरच्या जवानाने कामाचं विचारल्यावर मी प्रामाणिकपणे सांगितलं की कर्नलमध्ये बिघाड आहे, तो शोधायला आलोय. त्याने अत्यंत थंडपणे विचारलं, "कौन से कर्नल साहब?" पुढचा पाऊण तास मी एका बाकावर होतो. लॅपटॉप दुसऱ्या बाकावर होता. शेवटी मास्टरजी स्वतः येऊन मला सोडवून घेऊन गेले.

त्यांच्याकडे भलामोठा पेला भरून लस्सी पिता पिता उलगडा झाला. मास्टरजी रोज चालायचे, पण चालायला बागेपर्यंत जायचे ते स्कूटरवरून. स्कूटर त्यांच्या लग्नानंतरची पहिली खरेदी, त्यावरून तिच्या वयाचा अंदाज करा. त्या हादऱ्यांनी कार्ड जागेवरून निसटत असणार, पण ते पाहायचं कसं? मग मी मागे बसलो, डोक्यावर त्यांच्या सुनेचं गुलाबी हेल्मेट, मांडीवर लॅपटॉप, त्यातून निघालेली वायर मास्टरजींच्या कमरेला. प्रत्येक गतिरोधकावर ते स्कूटर थांबवून मागे वळून विचारत, "आया?" मी म्हणे, "नहीं आया, मास्टरजी." पाचव्या गतिरोधकावर माझ्या पाठीत काहीतरी सटकलं, आणि त्याच क्षणी पडद्यावर कर्नलची ओळ उमटली, की लिहिणं जमलं नाही. "आया," मी कण्हत म्हणालो. मास्टरजींनी भर रस्त्यात माझ्याशी हात मिळवला.

आता मुद्द्याचं. डबी कर्नलला म्हणते, हे लिही. तो म्हणतो, लिहिलं. खरं तर त्याने ते नुसतं हातात घेतलेलं असतं, कार्डावर तो सवडीने उतरवतो. कार्डाने नकार दिलाच, तर जो पहिला येऊन विचारेल त्याला तो खरं सांगतो, आणि नंतरच्या प्रत्येकाला सगळं ठीक म्हणतो. इथे दर पाच मिनिटांनी सगळ्यांच्या आधी येऊन विचारणारा एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम होता. त्याने तक्रार ऐकून घेतली, ती त्याच निसटलेल्या कार्डावर लिहायला पाठवली, आणि दिवा हिरवा ठेवला. प्रोग्रॅमच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते माझं होतं.

मामा, ते नाव मी तीनदा तपासून पाहिलं. मग रुपेशला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की त्याच मीटिंगमध्ये आणि तेवढ्याच आवाजात सांग. मी सांगितलं. वसुधा रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिने वहीत बाराव्या नावापुढे रेघ मारली, कारण मास्टरजींच्या मुलाची बदली तेजपूरला झालीय आणि ट्रंका बांधून तयार आहेत. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मास्टरजी म्हणाले, "बेटा, मैं चला तो था. कहीं लिख देना." म्हणून इथे लिहितोय. ते एकवीसही दिवस चालले.

बाकी क्षेम. थंडी सुरू झालीय, गाजरं झकास मिळतात. मामींना नमस्कार.

तुमचा,
शिशिर

ता. क. : वसुधाला बारावा माणूस तातडीने हवा. वय सत्तरच्या पुढे, साखर-रक्तदाब नाही, रोज चालण्याची सवय. मी तुमचं नाव दिलंय. २ डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. मामी महिनाभराचं सामान भरायला लागल्या आहेत, तुम्हाला सांगायचं तेवढं माझ्यावर सोडलं होतं.

ता. क. २ : वर मीटिंगमध्ये सांगितलं असं लिहिलंय. त्याला चार दिवस लागले, आणि त्यातले दोन मी पाठीच्या नावाखाली घरी होतो.

ता. क. ३ : गेल्या महिन्यात फोनवर रुपेशबद्दल जे जे बोललो ते कृपया विसरा. निदान स्टेशनवर तरी काढू नका. गाडी त्याच्याकडे आहे, तुम्हाला घ्यायला तोच येणार आहे.