कावळ्यापुढे ठेवलेलं रामेन

कुंभकोणम, मंगळवार, जून १९९४

हिचं तेरावं उरकून माधव काल जपानला परतला. तिथल्या रात्रंदिवस उघड्या दुकानातलं, भारीतलं मिसो रामेन, म्हणजे सोयाबीनच्या रश्श्यातल्या शेवया, ठेवून गेला. नुसतं गरम पाणी ओतायचं. म्हणाला, "अप्पा, मी रोज हेच खातो. अम्माला मात्र रसमभात करतो असं लिहायचो."

आज पाणी ओतलं. जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायचं काम हिचं, आता माझं. सवयीनं ह्यातल्याच शेवया कठड्यावर ठेवल्या. भात ठेवायला हवा होता का? गेलेलं माणूसच येतं म्हणतात.

मग चाखलं. खारट. चांगलं की वाईट, काही वाटलं नाही. हल्ली कशाचंच वाटत नाही. खारट होतं, एवढंच.

कावळा आला, सगळं खाऊन गेला.

म्हणजे आता तिला कळलं.