खडूची तिसरी रेघ

अण्णा, ती कॅसेट मी पुसली. तुमच्या हातून नाही गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडणार नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं होत आली. इतकी वर्षं गप्प बसले तशी आणखीही बसले असते, पण तुमच्याकडे गाणी भरून घ्यायला यायचे ते सुपरवायझर काल दुकानावर आले होते. रिटायर झालेत. डोक्यावर एक केस नाही, आवाज मात्र तोच, कारखान्यातला, समोरचा बहिरा आहे असं धरून बोलायचा. मोबाइलला रिचार्ज मारायला आले आणि मला ओळखून स्टुलावर बसलेच. ते काय बोलले ते सांगते, पण माझ्या क्रमाने. मला लिहायची सवय नाही, एकेक ओळ ढकलावी लागते. चौथीत शाळेतून तुम्हीच काढलंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

टपरी अजून आहे तिथेच, सातपूरला बसथांब्याच्या मागे. आता झेरॉक्स आणि रिचार्ज. कॅसेट भरायची दोन्ही मशिनं भंगारात गेली. तुमच्या वेळी लोक चिठ्ठीवर गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि आपण कोऱ्या कॅसेटवर एकामागून एक गाणी भरून द्यायचो. मी घोटीचं सासर सोडून आले तो दिवस मला आजचा दिसतो. मी टपरीसमोर उभी आहे, हातात पिशवी आहे, आणि तुम्ही का आलीस विचारत नाही, परत कधी जाणार विचारत नाही. हेडफोन माझ्या हातात देता आणि म्हणता, "ह्याच्यात खरखर येतीय का बघ जरा." मला वाटलं, ह्या माणसाला काळीज आहे का दगड आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून मी भरायला बसले.

तुमचे नियम दोनच. मशिनला घाईचं बटण होतं, ते दाबलं की कॅसेट अर्ध्या वेळात भरायची. तुम्ही त्यावर चिकटपट्टी मारून ठेवलेली. "गाणं जेवढ्या वेळाचं हाय तेवढा वेळ त्याला द्यायचा." म्हणजे आलेलं प्रत्येक गाणं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावंच लागायचं. दुसरा नियम, भरून झालं की कॅसेटच्या पाठीवरचे दोन बारके प्लॅस्टिकचे दात मोडून टाकायचे. दात मोडले की रेकॉर्डचं बटण दबत नाही, चुकून कोणी पुसू शकत नाही. मुद्दाम पुसायचीच असली तर त्या भोकांत कागदाचा बोळा कोंबायचा. हे तुम्हीच मला शिकवलंत आणि मी तुम्हालाच काय सांगतेय. पण पुढे लागणार आहे.

मग तो गोरा आला. कारखान्यात नवीन मशीन बसवायला तीन-चार महिन्यांसाठी आलेला, टपरीत वाकून यायचा आणि जाताना न चुकता डोकं आपटायचा. सगळे त्याला इंग्रज म्हणायचे आणि तो लालबुंद व्हायचा, इंग्लंड नाही, आयर्लंड. कुणाला फरक कळेना. तेव्हा तुम्ही पान बाजूला थुंकून म्हणालात, "अरे येवल्याच्या माणसाला मालेगावचा म्हणून बघा. तसं हाय ते." सगळ्यांना कळलं.

त्याच्याकडे दोन कॅसेटी होत्या, दोन वेगळ्या बँडच्या, दोन्ही त्याच्याच देशातल्या. एक चौघा पुरुषांचा, दुसऱ्यात बाई गायची. तुम्ही त्या बाहेरच्या कर्ण्यावर लावल्या आणि शिफ्ट सुटलेली माणसं घरी जायची विसरली. तिथून जे भांडण पेटलं ते दोन महिने विझलं नाही. आयर्लंडचा सगळ्यात मोठा बँड कोणता. कुणाला इंग्रजी धड येत नाही, तो देश कुठे आहे ते माहीत नाही, आणि चहा गार होईपर्यंत वाद. सुपरवायझर चौघांचे. म्हणायचे, "चौघं वाजवायला लागले की प्रेसशॉपमधली सगळी मशिनं चालू झाल्यासारखं वाटतं. ह्याला म्हणायचं बँड." आणि ड्रॉइंग ऑफिसमधले ते बारीक क्लार्क बाईचे. "अहो, हुंदका आला की माणूस गिळतो. ती गिळत नाही, तिथूनच सूर वर काढते. जगात कुणाला जमत नाही."

"रडणंच ऐकायचं तर घरी बायको आहे की."

"तुमच्या घरी कोण रडतं ते सगळ्या कॉलनीला माहितीय, साहेब."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. मी आत हेडफोन लावून बसलेली, त्या दोन कॅसेटींच्या किती प्रती भरल्या मोजदाद नाही. प्रत्येकाला हवी होती. बाईचं कोणतं गाणं कुठे श्वास घेतं आणि चौघांचा ढोलवाला कुठे हात आखडतो ते मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण विचारतो कोण.

तिसरी कॅसेट त्याने उशिरा काढली. करड्या रंगाची, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. त्याच्या गावातले तीन म्हातारे, त्यातला एक त्याचा काका. व्हायोलिन, बासरी आणि आपल्या डफासारखं काहीतरी. कुठल्याशा खानावळीत बसून वाजवलेलं, खुर्च्या सरकल्याचं ऐकू येतं, कोणी खोकतं. तो म्हणाला, सगळ्यात मोठा बँड हा, पण गावाबाहेर कुणाला माहीत नाही. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. तुम्ही ती कॅसेट पूर्ण ऐकलीत आणि उलटवून परत ऐकलीत, तेव्हा त्याने ती तुम्हाला देऊनच टाकली, घरी दुसरी आहे म्हणाला. तुम्ही तिथल्या तिथे तिचे दात मोडलेत. मी म्हटलं एक प्रत भरून ठेवते, तर म्हणालात, "कशाला? ही कुठं चाललीय?"

घरी तुम्ही ती छोट्या टेपवर लावायचात, मी स्वयंपाक करत असायचे तेव्हा. दुसऱ्या बाजूला एक जागा आहे, व्हायोलिन मधेच थांबतं. नुसता डफ राहतो. कोणीतरी खोकतं. आणि मग व्हायोलिन परत येतं, पण जरा खालून, दमून आल्यासारखं. तिथे माझा हात थांबायचा. तव्यावरची भाकरी करपायची. तुम्ही करपलेला भाग न बोलता खायचात आणि मी म्हणायचे, रॉकेलचा भडका जास्त झाला.

तो परत जायच्या आधीचा शनिवार. शनिवारी कारखान्यांना सुट्टी, सकाळपासूनच गर्दी. तुम्ही जाहीर केलंत की आज काय तो निकाल लावा. आतल्या फळीवर खडूने तीन रकाने केलेत, चौघं, बाई, म्हातारे. एकेकाने येऊन मत सांगायचं आणि तुम्ही रेघ ओढायची. म्हाताऱ्यांकडे दोनच रेघा, एक त्या गोऱ्याची आणि एक तुमची. उरलेल्या दोघांत बरोबरी झाली. नऊ आणि नऊ. आरडाओरडा सुरू. तेव्हा क्लार्क म्हणाले, "अहो, ताई राहिल्या की! सगळ्यात जास्त तर त्यांनीच ऐकलंय. ताई, बोला." आणि सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी हेडफोन काढला. अण्णा, मला पंचविसावं चालू होतं आणि तोपर्यंत कुणी मला कशाबद्दल काही विचारलेलं नव्हतं. शाळा सोडताना नाही, लग्न ठरवताना नाही. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, "तिला काय इचारता? चौथीच्या पुढं गेली नाय ती. तिला काय कळतंय त्यातलं. जा गं, चहाचं बघ."

कुणीतरी हसलं. मी किटली उचलली आणि सरळ घरी गेले. चहा पाठवला नाही.

दुपारी तुम्ही त्या गोऱ्याला पंचवटी दाखवायला घेऊन गेलात. मी टपरी उघडली, आतून कडी लावली. फळी पुसलेली होती. करडी कॅसेट काढली, रिचार्ज... नाही, तेव्हा कुठलं रिचार्ज, गाण्यांच्या यादीचा एक कागद फाडला, दोन बोळे केले, दोन्ही भोकांत कोंबले. दुसऱ्या मशिनमधून गाणं आणणारी वायर काढून ठेवली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. त्यावर काही भरलं नाही, नुसती कोरी केली. आता ऐका, अण्णा. घाईच्या बटणाने पुसता येत नाही. तीस मिनिटांची बाजू पुसायला तीस मिनिटंच लागतात. मी समोर बसून ती फिरताना बघत होते. पहिली बाजू रागात गेली, त्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही. पण खटका वाजला, बटण वर आलं. राग तोवर ओसरला होता. डोकं दुखत होतं, नुसतं रडू येत होतं. तिथे थांबता आलं असतं. दुसऱ्या बाजूला काय आहे ते मला माहीत होतं. मी कॅसेट उलटवली.

चार दिवसांनी तुम्ही ती लावलीत. गोरा गेला होता. नुसती सूं ऐकू आली. तुम्ही पुढे केलीत, मागे केलीत, उलटवलीत. मग बाहेर काढून उजेडात धरलीत, बराच वेळ. मी कणीक मळत होते, वर बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, "माझ्याच हातून गेली वाटतं. डोळ्याला दिसंना झालंय आताशा." सगळ्यांना तेच सांगितलंत. सुपरवायझर तुम्हाला चिडवायचे, "अण्णा, निकाल पटला नाही म्हणून म्हाताऱ्यांनीच पळ काढला," आणि तुम्ही हसायचात. त्या गोऱ्याचा पत्ता कुणाकडे नव्हता. कारखान्यात दोनदा विचारून आलात, मला न सांगता. मला कळलं होतं.

शेवटच्या महिन्यात तुमची छाती भरलेली, बोलणं जवळपास बंद. खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाने ठोकत बसायचात. ठोके मी ओळखले, त्या डफाचे. मधेच बोट थांबायचं तेव्हा मला पुढचं ऐकू यायचं, ते खालून येणारं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "झोपा आता, काय टकटक लावलीय." तुम्ही हात पांघरुणात घेतलात.

तुम्ही गेल्यावर सामान आवरताना ती कॅसेट हातात आली. एका भोकातला बोळा मी त्या दिवशी काढला होता. दुसऱ्यातला तसाच राहिला होता. दात तुम्ही स्वतः मोडलेले. टपरीत बसणारी माणसं दोन. उजेडात धरून तुम्ही इतका वेळ काय बघत होतात, ते मला तेव्हा कळलं. चार वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात आणि डोळ्यांना बोल लावलात.

आता कालचं. सुपरवायझर चहा पिता पिता म्हणाले, "तुझा बाप बाकी वस्ताद. तू किटली घेऊन गेलीस ना त्या दिवशी, तर आम्ही म्हटलं, आता बरोबरी कोण फोडणार? अण्णांनी खडू घेतला आणि म्हाताऱ्यांच्या रकान्यात तिसरी रेघ ओढली. म्हणाले, ही तिची. आम्ही म्हटलं, हे कसलं मत, तिला विचारलं कुठे? तर म्हणे, विचारायचं काय त्यात, ते वाजायला लागलं की तिची भाकरी करपते." आणि हसायला लागले. "मग आम्ही भांडलो, ही रेघ धरायची नाही म्हणून. शेवटी त्यांनी फळीच पुसून टाकली."

मला रडू नाही आलं, अण्णा, संताप आला. एवढं सगळं कळत होतं तर अठरा माणसांत ते तसं का बोललात? आणि ती रेघ मी घरी गेल्यावरच का ओढलीत? मला परत बोलवायला काय झालं होतं, घर दोनशे पावलांवर होतं. लग्नाचंही तसंच केलंत. माझं तुम्हीच ठरवायचं आणि माझ्यामागे ठरवायचं. तुमचं बरोबर आलं म्हणून विचारायचं राहून गेलं ते भरून निघत नाही.

सुपरवायझरांनी उठता उठता विचारलं, "खरं होतं का गं ते?"

मी म्हणाले, "छे. मला म्हातारे नव्हते आवडत. मी चौघांना दिलं असतं."

म्हातारा असा खूश झाला. "म्हणजे आम्ही जिंकलो होतो की गं!" म्हणत बसथांब्याकडे गेला. क्लार्क असते तर त्यांना ओरडून सांगितलं असतं त्याने, पण ते मागच्या वर्षीच गेले.

हा कागद टाकायला पेटी नाही आणि जाळायला मन होत नाही. चार घड्या घालून त्या कॅसेटच्या डबीत बसतो का बघते. बोळा अजून तिच्यातच आहे. सुपरवायझरांना मी खोटं सांगितलं. रेघ बरोबर होती, अण्णा. मीसुद्धा तिथेच ओढली असती. आणि कॅसेट उलटवताना मला ते माहीत होतं.