नकाशात ‘तात्पुरती’ लिहिलेल्या खोलीविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, तर्कशास्त्राची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलग्यांना तो पुरेसा वाटला नाही, तर त्यांनी पुढील युक्तिवाद खोडून दाखवावा.

१. हे घर माझ्या पगारातून, माझ्या नावावर बांधलेले आहे. त्याचा नकाशा मी चौकटीच्या वहीत आखला. घरात बोळ नाही. सर्व दारे मधल्या खोलीत उघडतात, कारण नुसते चालण्यासाठी जागा बांधण्याची आमची ऐपत नव्हती. स्वयंपाकघर व न्हाणीघर एकाच भिंतीला पाठ लावून आहेत, त्यामुळे नळाचे काम निम्म्यात झाले. तेव्हा माझे दीर म्हणाले होते, “वहिनी, घर बांधताय की दवाखाना?” दिरांना या मृत्युपत्राची एक प्रत पाठवावी. दुसरे काही नाही.

२. मुलगे दोन म्हणून त्यांच्या खोल्या दोन, प्रत्येकीला दोन खिडक्या. मुलीसाठी मधल्या खोलीतून सात बाय नऊचा तुकडा काढला, चार इंची भिंत दाखवली आणि वर माझ्याच अक्षरात लिहिले: ‘तात्पुरती’. तिचे लग्न झाले की भिंत पाडायची, असे ठरले होते. मुलगी म्हणजे जाणारीच, हे गृहीतक मी तपासले नाही. दुसऱ्यांची गृहीतके तपासण्याचा मी तेव्हा पगार घेत होते.

३. लग्न झाले, मोडले, मुलगी परत आली. त्यास अकरा वर्षे झाली. गेल्या महिन्यात थोरला त्या भिंतीवर बोटे वाजवत म्हणाला, “आई, ही पाडली की हॉल केवढा होईल बघ!”

“आणि ती कुठे जाईल?” मी विचारले.

“तिचं सामान ते किती!”

धाकट्याने वही पुढे केली. “तूच लिहिलंयस ना, तात्पुरती म्हणून?”

मुलगी दारातच उभी होती.

४. पूर्वपक्ष असा, की नकाशात भिंत तात्पुरती आहे, म्हणून ती पाडता येते. उत्तर असे: स्लॅबच्या आधी गवंडी म्हणाला होता, “बाई, बीमचं लोखंड परवडत नसेल तर ही भिंत नऊ इंची घेतो, स्लॅब तिच्यावरच टेकवतो.” मी हो म्हटले, वहीत दुरुस्ती करायची राहून गेली. म्हणजे कागदावरची सर्वांत हलकी भिंत प्रत्यक्षात छप्पर धरून आहे. यात कोणी रूपक शोधू नये. पाडली तर स्लॅब खाली येईल, एवढाच अर्थ. वहीतील तो शब्द मी आज खोडला असून शेजारी सही केली आहे.

५. सबब हे संपूर्ण घर, जमिनीसह, मी मुलीस देत आहे. ही सेवेची परतफेड नव्हे. सेवेवर घर मिळत असेल, तर सेवा थांबताच ते काढूनही घेता येईल. कारण एकच: दोन्ही मुलग्यांना स्वतःची घरे आहेत, तिला नाही, आणि त्या नसण्याची सुरुवात माझ्या पेन्सिलीने झाली. ‘लोक काय म्हणतील’ हा युक्तिवाद नाही, ती भीती आहे. ती मी वारशात देत नाही.

६. बँकेतील ठेव तिघांस समान. तर्कशास्त्राची पुस्तके धाकट्याला. त्याला गरज आहे. थोरल्याला माझी लोखंडी मोजपट्टी.

७. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, “आई, भांडण नको गं. मी बघेन कुठेतरी भाड्याने.” म्हणून हे कलम वाढवले आहे. तिने येथेच राहावे अशी अट नाही. ती हे घर विकू शकते, भाड्याने देऊ शकते, कुलूप लावून निघून जाऊ शकते. जाण्याचा अधिकार तिचा आहे. तिला घालवण्याचा कोणाचाही नाही. भाऊ एखादे दिवशी गोड बोलत हक्कसोडपत्र घेऊन येतील. त्यावर सही करण्यापूर्वी तिने हे कलम त्यांच्यासमोर, मोठ्याने, वाचावे. आवाज फुटला नाही तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे.

स्थळ: मधली खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

लिहून देणार: (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला (सही)
२. गवंडी, ज्याने भिंत बांधली (सही)