काकूंच्या नावापुढचं 'येते'

मलकापूर, मंगळवार, संध्याकाळ

अब्बांच्या साडीच्या दुकानाचे मेसेज मीच पाठवते. कुणी उघडले, कुणी बटण दाबलं, सगळं लॅपटॉपवर दिसतं. शुद्ध मराठीतले मेसेज कुणी उघडतच नव्हतं, म्हणून आपल्या बोलीत लिहिले. "आवं काकू, लय दिवस झालं, कवा येताय?" खाली एकच बटण : 'येते'. मग धडाधड उघडायला लागले. किती खूश झाले होते मी!

आज दुपारी कवठे महांकाळहून मालनकाकूंचे यजमान आले. हातात काकूंचाच फोन. काकू दर दिवाळीला इथं माहेरी आल्या की आमच्याकडंच साडी घ्यायच्या.

"पोरी, तू इचारलंस कवा येताय, म्हणून आलो. ती न्हाई राहिली. दोन म्हैनं झालं. एवढ्या मायेनं इचारलंस, तर फोनवर कसं सांगायचं?"

तेवढ्यासाठी एसटीनं आले! तो मेसेज वर्षभर न आलेल्या सगळ्यांना आपोआप जातो. मी काही विचारलंच नव्हतं. पण हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. अब्बांनी त्यांना बसवलं, चहा पाजला.

आत्ता यादीतून काकूंचं नाव काढायला बसले. साडी घेऊन निघताना दारातून वळून म्हणायच्या, "येते गं." दर वेळी.

काकांनी घरून निघण्याआधी ते बटण दाबलेलं दिसतंय. काकूंच्या नावापुढं हिरव्या अक्षरांत आलंय : येते.

कसं काढू?